पंच आपल्यातलाच हवा

"घराची झडती घ्यायचीय, बाई," फौजदार थोरात म्हणाले, तेव्हा आई पडवीत बसून तांदूळ पाखडत होती. सूप तिनं खाली ठेवलं नाही. ते तसंच हातात धरून तिनं विचारलं, "कोणाच्या घराची?"

"रेडीजांच्या. वसंत रेडीज तुमचे मिस्टर ना? मस्कतला असतात?"

"हो," आई म्हणाली.

ते 'हो' धादांत खोटं होतं. माझे वडील मस्कतला नव्हते. मस्कत सोडा, त्यांनी मुंबईसुद्धा धड पाहिली नव्हती. मी सातवीत असताना एका रविवारी कापडी पिशवीत दोन शर्ट कोंबून ते जे गेले, ते घाटावर कऱ्हाडला जाऊन दुसऱ्या एका बाईबरोबर राहिले. ही गोष्ट आईला ठाऊक होती, मला ठाऊक होती आणि गिरगावात राहणाऱ्या माझ्या मावशीला ठाऊक होती. आमच्या तिघींपलीकडे ती जाऊ नये म्हणून आईनं जिवाचं रान केलं होतं.

'नवऱ्यानं टाकलेली' हा शब्द तिला नको होता. बाकी काय वाट्टेल ते सोसायची तिची तयारी होती. त्या काळी खाडीकाठच्या आमच्या गावातून घरटी एखादा तरी माणूस आखातात जात होता. नवरा नाहीसा व्हायला मस्कतइतकी अब्रूदार जागा दुसरी नव्हती. आईनं ती निवडली आणि मग नेटानं निभावली. दर मे महिन्यात आम्ही दोघी मुंबईला मावशीकडे जायचो. आळीत सांगून जायचो की हे सुट्टीवर आलेत, त्यांना भेटायला चाललोय. वर्षभर लोकांचे ब्लाउज शिवून साठवलेल्या पैशांतून आई मुंबईच्या बाजारात परदेशी साबण, अत्तराच्या बाटल्या, चॉकलेटं घ्यायची आणि परत आलो की घरोघर वाटायची. "ह्यांनी पाठवलंय," म्हणायची. मला त्या वाटपाची भयंकर लाज वाटायची, पण चॉकलेटं मीही खायचेच.

आता झालं होतं असं, की आठवड्यापूर्वी खाडीत एक होडी पकडली होती आणि तिच्यात परदेशी घड्याळं आणि सोनं सापडलं होतं. माल गावात कोणाकडे उतरणार होता याचा पत्ता लागत नव्हता. म्हणून पोलीस आखातात माणूस असलेल्या घरांच्या झडत्या घेत सुटले होते. आमच्या घरात तर परदेशी वस्तूंची रेलचेल, हे साऱ्या गावाला आईनंच सांगून ठेवलं होतं.

थोरातांबरोबर एक शिपाई होता, एक महिला पोलीस होती आणि मागं दोन माणसं उभी होती. त्यांतला एक एसटी स्टँडवरचा पानवाला, दुसरा कोण ते आम्हाला माहीत नव्हतं.

"हे कोण?" आईनं विचारलं.

"पंच. झडतीला दोन पंच लागतात. काय काय उघडलं, काय मिळालं, ते त्यांच्यादेखत व्हायला पाहिजे. तुमच्याच भल्यासाठी असतं ते."

"ही परकी माणसं माझ्या घरात फिरायची नाहीत," आई उभी राहिली. "स्टँडवरचा माणूस माझी कपाटं बघणार? आळीतली अब्रूदार माणसं घ्या. नाहीतर मी उंबऱ्यावरून हलायची नाही."

मला वाटलं, थोरात आता तिच्यावर डाफरणार. पण ते तसे वाईट नव्हते. उलट ते हसले आणि म्हणाले, "कायदाही तेच म्हणतो, बाई. बोलवा तुमची माणसं."

आईचा चेहरा उजळला. एक डाव जिंकल्यासारखी ती माझ्याकडे वळली. "अलके, पळ. मंदाला बोलाव. आणि वखारीत भाटकरकाका असतील, त्यांना म्हणावं, लगेच या."

मी पळाले. आज वाटतं, पाय मोडून पडले असते तरी बरं झालं असतं. पानवाल्यानं सगळं बघितलं असतं, ऐकलं असतं, आणि दुपारच्या गिऱ्हाइकाच्या गर्दीत विसरून गेला असता. पण आईचा हिशेब साधा होता. घर उघडं पडणारच असेल, तर ते आपल्या माणसासमोर पडावं.

मंदामावशी म्हणजे आमच्या शेजारच्या खातूंची मंदाकिनी. तिचे यजमान एसटीत कंडक्टर होते. आमची आणि त्यांची भिंत एक होती. आईला बहिणीपेक्षा ती जवळची. आमटीची वाटी या घरातून त्या घरात गेली नाही असा दिवस नसायचा. महिन्या-दीड महिन्यानं ती पडवीत येऊन टेकायची आणि विचारायची, "काय गो प्रमिले, भावोजींची खुशाली?" की आईचं मस्कत सुरू. तिथं म्हणे पाण्यापेक्षा पेट्रोल स्वस्त, तिथं म्हणे दुपारी रस्त्यावर अंडं फोडलं तर शिजतं. कुठल्याशा मासिकात वाचलेलं ती रंगवून सांगायची. मंदामावशी हनुवटीवर बोट ठेवून ऐकायची आणि म्हणायची, "बया, आणि भावोजी राहतात कसे गो त्या उन्हात?" आई म्हणायची, "सवय होते." मी आत अभ्यासाचं पुस्तक तोंडासमोर धरून बसायचे.

मी सांगितल्याबरोबर मावशी हात पुसत आली. आईजवळ उभी राहून हळूच म्हणाली, "घाबरू नको गो. मी आहे ना." भाटकरकाका, आळीतले वडीलधारे, टोपी घालून आले आणि दाराशी अवघडून उभे राहिले. झडती सुरू झाली.

झडती म्हणजे काय, हे ज्याच्या घराची झाली त्यालाच कळतं. तांदळाच्या डब्यात शिपायानं कोपरापर्यंत हात घातला. गाद्यांच्या शिवणी चाचपल्या. देव खाली काढून देव्हारा हलवून पाहिला. महिला पोलिसानं आईची ट्रंक उघडली आणि एकेक वस्तू काढून पलंगावर ठेवायला लागली. लुगडी, परकर, झंपर, आणि तळाशी धुऊन घडी करून ठेवलेले ते महिन्याच्या दिवसांतले जुने कपडे. ते बाहेर आले तशी ती बाईच ओशाळली. भाटकरकाकांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. मी मेल्याहून मेले. आई मात्र ताठ उभी होती. मंदामावशीनं पुढं होऊन त्या घडीवर गुपचूप एक साडी टाकली.

मग पलंगाखालची सुटकेस निघाली. तिच्यात मे महिन्यातलं उरलेलं होतं. अर्धा डझन साबण, अत्तराच्या दोन बाटल्या, एक टॉर्च, आणि बारावी झाल्यावर मला द्यायचं म्हणून आईनं लपवून ठेवलेलं एक परदेशी घड्याळ. मला त्याचा पत्ताच नव्हता.

थोरातांनी ते घड्याळ हातात घेतलं आणि खुर्ची ओढून बसले. त्यांचा आवाज बदलला.

"हे कुठून आलं?"

"ह्यांनी आणलं."

"कस्टमची पावती?"

"ती त्यांच्याकडे असेल."

"त्यांचा तिकडचा पत्ता सांगा."

आईनं पलंगावरचं एक लुगडं उचलून त्याची घडी घातली.

"कंपनीचं नाव?"

"मोठी कंपनी आहे. इंग्रजी नाव आहे. मला नाही सांगता यायचं."

"मुलगी कॉलेजात जाते ना? तिला येत असेल." थोरातांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं.

"बरं, एखादं पाकीट दाखवा. तिकडचं तिकीट लावलेलं. पाच वर्षांत एक तरी पत्र असेल."

"मी पत्रं ठेवत नाही."

"फोटो?"

"नाही."

थोरात उठले. कपाटापाशी गेले, दोन्ही दारं उघडून उभे राहिले. सगळं कपाट आमच्या दोघींच्या कपड्यांनी भरलेलं. "घरात पुरुषाचा एक कपडा नाही," ते म्हणाले. "बनियनसुद्धा नाही. तुमचे मिस्टर सुट्टीवर येतात तेव्हा काय घालतात, बाई?"

"ते इकडे येत नाहीत. मुंबईला उतरतात. आम्हीच जातो."

"म्हणजे माल मुंबईला उतरतो आणि तुम्ही दोघी तो इकडे आणता."

हे बोलणं ऐकून भाटकरकाकांनी टोपी काढून हातात घेतली. आईला तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं, की तिनं इतकी वर्षं स्वतःच्या हातानं काय विणून ठेवलंय. एका वाक्यात ती सुटणार होती. माझा नवरा मस्कतला नाही, मला सोडून कऱ्हाडला राहतो, हे सामान मी मुंबईच्या बाजारातून विकत घेते. बस. कऱ्हाडच्या पोलिसांना एक फोन केला की काम भागणार होतं. पण समोर मंदामावशी उभी होती. आळीतली अब्रूदार माणसं पाहिजेत म्हणून तिनंच तिला बोलावून घेतलं होतं.

"साहेब," आई खालच्या आवाजात म्हणाली, "मला तुमच्याशी दोन शब्द बोलायचेत. तिकडे स्वयंपाकघरात या. या बाईंना घ्या हवं तर बरोबर." तिनं महिला पोलिसाकडे बोट केलं.

"जे सांगायचं ते इथंच सांगा. पंचांसमोर."

"एकच गोष्ट आहे. खाजगी आहे."

"झडती चालू असताना खाजगी काही नसतं, बाई. पंचांच्या मागं मी तुमच्याशी बोललो, तर उद्या तुम्हीच म्हणाल, फौजदारानं दम दिला, पैसे मागितले. पंच कशाला असतात मग?"

"मी नाही म्हणणार तसं. लेकीची शपथ."

"शपथांवर चालत नाही आमचं."

मंदामावशीकडे आईनं पाहिलं नाही. मग पदर खांद्यावर घेऊन म्हणाली, "मग मला काही सांगायचं नाही."

"ठीक आहे. चला चौकीवर. मुलीलाही घ्या बरोबर. ती तुमच्याबरोबर असायची ना मुंबईला?"

मी रडायलाच लागले. आईनं माझा हात धरला आणि म्हणाली, "चप्पल घाल, अलके." तिचा आवाज इतका शांत होता की जणू आम्ही बाजारात निघालो होतो. खरंच ती निघाली होती. उंबऱ्यापर्यंत पोचलीही होती.

तेवढ्यात मंदामावशी आडवी आली.

"साहेब, भावोजी मस्कतला कधी गेलेच नाहीत," ती म्हणाली. "हिचा नवरा कऱ्हाडला आहे."

आई जागीच थांबली.

"आमचे हे कऱ्हाडच्या गाडीवर कंडक्टर आहेत. वसंतभावोजी त्यांच्या गाडीतून उतरलेत-चढलेत. मंडईमागं बिऱ्हाड आहे त्यांचं. सायकलीचं दुकान आहे. दुसरी बाई आहे घरात. हवं तर फोन करून विचारा. हे सामान ही मुंबईला विकत घेते, शिवणाच्या पैशांतून. मला माहीत आहे. आळीत सगळ्यांना माहीत आहे. काका, तुम्हाला नाही का माहीत?"

भाटकरकाकांनी टोपीकडे बघत मान हलवली. "आहे," ते पुटपुटले.

"कधीपासून?" हे थोरातांनी विचारलं नाही, आईनं विचारलं. इतक्या बारीक आवाजात, की मावशीला ते ऐकूच आलं नसावं. ती थोरातांची खात्री पटवायला निघाली होती. पोरीला चौकीवर नेऊ देणार नाही, या एकाच गोष्टीनं तिला घेरलं होतं आणि बोलण्याच्या भरात ती थांबलीच नाही.

"पोर पण आहे त्यांना. चार वर्षांचं असेल. खांद्यावर घेऊन हिंडतात बाजारात, ह्यांनी डोळ्यांनी पाहिलंय."

पोराचं आम्हाला माहीत नव्हतं. मला नव्हतं, आईला नव्हतं आणि गिरगावच्या मावशीलाही नव्हतं. मंदामावशीनं बोलल्यावर आईकडे पाहिलं आणि तोंडावर हात धरला. तिला तेव्हा कळलं.

थोरात हातातल्या घड्याळाकडे पाहत राहिले.

"मुलगा की मुलगी?" आईनं विचारलं.

"प्रमिले..."

"सांग ना. मुलगा की मुलगी?"

"मुलगा," मावशी म्हणाली.

आईनं मान हलवली, दुकानात कापडाचा भाव ऐकून हलवावी तशी, आणि चप्पल काढून ठेवली. माझी चप्पलही तिनंच पायानं बाजूला सारली.

थोरातांनी शिपायाला फोन करायला पोस्टात पाठवलं. तासाभरानं तो परत आला आणि त्यांच्या कानाशी काहीतरी बोलला. मग पंचनामा लिहून झाला आणि रिवाजाप्रमाणं मोठ्यानं वाचूनही दाखवला. सदर घरात आक्षेपार्ह असे काही मिळून आले नाही. भाटकरकाकांनी सही केली. मंदामावशीनं सही केली. तिचं नाव ओळीखाली घसरत गेलं.

निघताना थोरात दाराशी थांबले. "बाई, हे आधीच सांगितलं असतंत, तर एवढा पसारा करायला लागला नसता."

"तुम्ही स्वयंपाकघरात आला असतात, तर सांगितलं असतं," आई म्हणाली.

ते टोपी घालून निघून गेले. त्यांच्या परीनं त्यांनी नियम सोडून काहीच केलं नव्हतं.

घरभर सामान विखुरलेलं होतं. मंदामावशी पलंगापाशी वाकून साड्यांच्या घड्या घालायला लागली.

"राहू दे," आई म्हणाली.

"अगो, दोघी मिळून करू ना."

"राहू दे, मंदा. तुझं पंचाचं काम झालं."

मावशी हातातली साडी तशीच ठेवून गेली. आमच्या एका भिंतीपलीकडून त्या दिवशी भांड्याचा आवाजसुद्धा आला नाही.

त्यानंतर आई तिच्याशी बोलली नाही. भांडली नाही, दोष दिला नाही, फक्त बोलली नाही. मावशी पडवीत आली की आई आत जायची. आळीत कोणी आम्हाला वाईट वागवलं नाही. उलट सगळे जास्तच गोड वागायला लागले आणि तेच आईला सोसेना. वाणसामानाच्या दुकानात तिला आधी माल मिळायला लागला. ती घरी येऊन पिशवी आपटायची आणि म्हणायची, "दर वर्षी माझ्या हातून साबण घेताना ही माणसं मनात काय म्हणत असतील गं?" मी पिशवीतलं सामान डब्यांत भरायला लागायचे. माझी परीक्षा झाली आणि जूनमध्ये आम्ही रत्नागिरीला बिऱ्हाड हलवलं. तिथं आईनं कोणालाच काही सांगितलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "नाहीत," आणि ऐकणारा काय समजायचं ते समजायचा.

माझ्या धाकट्या दिरांनी वकिली केली. एकदा जेवताना त्यांना मी हे सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, "वहिनी, स्थानिक पंच हा नागरिकाच्या संरक्षणासाठीच असतो." असेलही. मी त्यांना आणखी एक पोळी वाढली.

मंदामावशी मला भेटली ती पुष्कळ वर्षांनी, रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर. मी ओळखलं नाही, तिनंच ओळखलं. केस पांढरे झाले होते. माझा हात हातात घेऊन तिनं मला बाकावर शेजारी बसवलं. मग म्हणाली, "तिला वाटत असेल, मी मजा बघत होते. दर महिन्याला खुशाली विचारत होते ना, सगळं माहीत असून? अगो अलके, मी विचारायची थांबले असते तर तिला कळलं नसतं का, की मला कळलंय? म्हणून विचारायचे गो. दुसरं काही नव्हतं माझ्या मनात."

तिची गाडी लागली. पिशवी उचलून देताना तिनं पुन्हा माझा हात धरला. "मी गप्प बसायला हवं होतं का? तुला नेत होते गो ते. तू केवढीशी होतीस. सांग ना, गप्प बसायला हवं होतं?"

गाडी सुटेपर्यंत ती खिडकीतून माझ्याकडे बघत होती. मी नुसता हात हलवत राहिले, याचं मला आजही वाईट वाटतं.

तिथूनच आईकडे जाऊन मी तिला सगळं सांगितलं. तिच्यासमोर मंदामावशीचं नाव काढायला मी इतकी वर्षं धजावले नव्हते. ती शिवणाच्या मशीनवर बसली होती. ऐकता ऐकता तिनं पाय थांबवला.

"म्हातारी झाली असेल," ती म्हणाली.

"झालीय. आई, तिनं मला वाचवायला केलं गं ते. तूही जात होतीस चौकीवर."

"माहीत आहे मला."

"मग?"

आईनं सुईखालचं कापड काढून मांडीवर घेतलं. तिचे डोळे भरून आले होते. एवढ्या वर्षांत त्या दिवसावरून तिला रडताना मी पाहिलं नव्हतं, त्या दिवशीसुद्धा नाही.

"चौकीवर नेलं असतं तर काय झालं असतं?" ती म्हणाली. "फौजदाराला एकट्याला गाठून मी खरं सांगितलं असतं. त्यानं संध्याकाळी सोडलं असतं आपल्याला. आपण घरी आलो असतो, आणि मंदा चहा घेऊन आली असती. माझ्याजवळ बसून म्हणाली असती, प्रमिले, झाल्या प्रकाराचं भावोजींना कळवलंस का गो मस्कतला?"